विस्थापन आलेख आणि कॅमची आकृती : दिवेआगरच्या किनाऱ्यावरून एक चिकित्सा

गोषवारा

तांत्रिक आलेखनाच्या अभ्यासक्रमात कॅमचे प्रोफाइल काढणे हा हमखास गुण देणारा घटक मानला जातो. ठरावीक साच्याचा प्रश्न, ठरावीक पायऱ्या आणि शेवटी एक सलग वक्र, असे त्याचे स्वरूप झाले आहे. या घटकातील विचाराचा गाभा विस्थापन आलेखात असून प्रोफाइल हे त्या विचाराचे केवळ स्थानांतर होय. आपली अध्यापन व मूल्यमापन पद्धती मात्र नेमका उलटा क्रम लावते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी दिवेआगर परिसरातील भरती-ओहोटी, घरोघरची शिलाई मशीन आणि कोकणी माणसाच्या परिचयाचे गिरणीतील माग यांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : कॅम, अनुगामी, विस्थापन आलेख, विराम, त्वरण, मूल्यमापन.

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव शके ९८२ (इ.स. १०६०) मधील मराठी ताम्रपटामुळे भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे, पर्यटकांना ते समुद्रकिनारा व सुपारीच्या वाड्यांमुळे परिचित आहे. यंत्रविद्येच्या संदर्भात या गावाचा उल्लेख होण्याचे वरवर पाहता काही कारण नाही. प्रस्तुत लेखकास ते कारण एका साध्या प्रसंगातून मिळाले.

प्रस्तुत लेखक गणिताचा अध्यापक आहे. परिसरातील जी मुले पदविका अभ्यासक्रमासाठी बाहेर जातात त्यांपैकी काही सुट्टीत गणिताच्या शंका घेऊन येतात. अशाच एका सुट्टीत दिवेआगरच्या एका विद्यार्थ्याने कॅमचे एक शीट समोर ठेवले. अनुगामी एकसमान वेगाने वर चढतो, मग थांबतो, असा प्रश्न होता. विद्यार्थ्याने आधारवर्तुळ जेथे संपते व चढ जेथे सुरू होतो तेथे स्पष्ट कोपरा काढला होता. त्या कोपऱ्याभोवती लाल वर्तुळ होते व ‘वक्र सलग काढा’ असा शेरा होता. सोबत त्याच्या मित्राचेही शीट होते. मित्राने तोच कोपरा फ्रेंच कर्व्हने गुळगुळीत करून टाकला होता व त्याला पूर्ण गुण मिळाले होते. विद्यार्थ्याचा प्रश्न एकच होता : ‘‘माझे बिंदू बरोबर आहेत, मग कोपरा चुकीचा कसा?’’

कोपरा चुकीचा नव्हता. त्या संपूर्ण शीटवर प्रश्नातील दोष प्रामाणिकपणे दाखवणारी तेवढी एकच जागा होती. ज्या पद्धतीत खरी रेषा चूक ठरते व झाकलेली रेषा बरोबर ठरते, त्या पद्धतीची चिकित्सा होणे आवश्यक वाटल्याने हा लेखनप्रपंच केला आहे. सदर प्रसंगातील व्यक्ती वा संस्था हा लेखाचा विषय नाही. असा शेरा कोठेही मिळू शकला असता, हेच खरे चिंतेचे कारण आहे.

प्रश्नाचा साचा

कॅम म्हणजे विशिष्ट आकाराची फिरती चकती वा दंडगोल. तिच्या कडेला टेकून राहणारा भाग म्हणजे अनुगामी. त्यालाच वर्गात फॉलोअर म्हणतात. कॅम एकसारखा फिरतो आणि अनुगामी आपल्या मार्गावर वर-खाली होतो. अनुगामीची ही हालचाल कागदावर उलगडून दाखवली की विस्थापन आलेख तयार होतो. त्यात आडव्या अक्षावर कॅम किती अंशांतून फिरला ते व उभ्या अक्षावर अनुगामी किती उचलला गेला ते मांडतात. या आलेखाचे तीन प्रकारचे भाग असतात. त्यांना या लेखात चढ, विराम आणि उतार असे म्हटले आहे.

परीक्षेतील प्रश्न बहुधा पुढील धर्तीवर असतो. आधारवर्तुळाची त्रिज्या ४० मि.मी., टोकदार अनुगामी. कॅमच्या पहिल्या ९० अंशांत ३० मि.मी. चढ, पुढील ६० अंश विराम, त्यापुढील ९० अंशांत उतार व उरलेले १२० अंश पुन्हा विराम. चढ एकसमान वेगाने, सरल आवर्त गतीने, किंवा एकसमान त्वरण व मंदनाने व्हावा, असे प्रश्नातच सांगितलेले असते. विद्यार्थी चढाच्या अंतराचे सहा समान भाग करतो, त्या त्या ठिकाणची उंची काढतो, आधारवर्तुळाबाहेर तितकीच अंतरे मोजतो आणि बिंदू जोडतो.

या साच्यात विद्यार्थ्याला काय काय ‘दिलेले’ असते हे पाहणे उद्बोधक ठरेल. गतीचा प्रकार दिलेला असतो. चढाचे व विरामाचे अंश दिलेले असतात. आधारवर्तुळही दिलेले असते. वास्तविक कॅम रचणाऱ्याला जे निर्णय घ्यावे लागतात ते हेच. ते सर्व काढून घेतल्यावर विद्यार्थ्याच्या हाती उरते ते फक्त अंतरे उचलून दुसरीकडे ठेवण्याचे काम.

एन. डी. भट्ट यांच्या ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’ या १९५८ पासूनच्या पुस्तकाने अनेक पिढ्यांना आलेखनाची शिस्त लावली, याबद्दल दुमत नाही. अशा पुस्तकांत कॅमचे स्थान चक्रज, सर्पिल, मळसूत्री वक्र यांच्या पंक्तीत असते. ही मांडणी सोयीची असली तरी तिचा एक परिणाम होतो. चक्रज हा वक्र आहे. त्याची व्याख्या पूर्ण झाली की तो पूर्ण झाला. कॅम हा वक्र नसून काम करणारा अवयव आहे. तो वक्रांच्या प्रकरणात बसवला की ‘हा कशासाठी?’ हा प्रश्नच विद्यार्थ्याच्या मनात उमटत नाही.

भरतीचे पाणी आणि सरल आवर्त गती

दिवेआगरच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक काळ जातो. या काळात पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सुरुवातीला ते जेमतेम हलते, मधल्या तासांत झपाट्याने वाढते आणि शेवटी पुन्हा मंदावते. दर्यावर्दी लोकांत यासाठी बाराव्या हिश्शाचा एक ढोबळ नियम प्रचलित आहे. एकूण चढाचे बारा हिस्से केले तर सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक हिस्सा पाणी चढते.

आता सरल आवर्त गतीची वर्गातील रचना आठवावी. चढाच्या उंचीवर अर्धवर्तुळ काढून त्याचे सहा समान भाग करतात व ते आडवे नेऊन आलेखावरील बिंदू मिळवतात. या सहा टप्प्यांतील वाढ एकूण चढाच्या अनुक्रमे ६.७, १८.३, २५, २५, १८.३ व ६.७ टक्के येते. बाराव्या हिश्शाच्या नियमाने हेच आकडे ८.३, १६.७, २५, २५, १६.७ व ८.३ टक्के होतात. म्हणजे दर्यावर्दींचा नियम हे त्या अर्धवर्तुळाचेच तोंडी गणित आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या विद्यार्थ्याला सरल आवर्त गती ही लहानपणापासून पाहिलेली गोष्ट असते. शीटवर तिची ओळख मात्र कोणी करून देत नाही.

साम्यापेक्षा भेद अधिक महत्त्वाचा आहे. भरती पूर्ण झाली की ओहोटी लगेच सुरू होते. पाणी क्षणभर ‘थांबल्यासारखे’ वाटते, पण तो विराम नव्हे, तो वळणबिंदू आहे. त्या क्षणी वेग शून्य असतो, त्वरण मात्र सर्वाधिक असते, आणि ते अखंडपणे पुढच्या ओहोटीत चालू राहते. म्हणून समुद्राच्या चढउतारात धक्का नाही. परीक्षेतील प्रश्न याच गतीच्या आधी व नंतर विराम जोडतो. विरामात त्वरण शून्य असते. चढ सुरू होताच ते एकदम सर्वाधिक होते आणि चढ संपताच एकदम शून्यावर येते. जी गती समुद्रात निर्धोक आहे तीच विरामाच्या शेजारी बसवताच यंत्राला हादरा देते. दोष गतीचा नसून सांध्याचा आहे. विस्थापन आलेखावर हा सांधा अगदी गुळगुळीत दिसतो, हीच या घटकातील खरी अडचण होय.

एक-तृतीयांश मिलिमीटर

वरील उदाहरणातील चढ चार प्रकारे काढून पाहू. चढ ३० मि.मी. व ९० अंशांत आहे. त्याचे सहा भाग केले असता पहिल्या टप्प्यावर, म्हणजे १५ अंशांवर, अनुगामीची उंची पुढीलप्रमाणे येते. एकसमान वेगाने ५ मि.मी., सरल आवर्त गतीने २.०१ मि.मी., एकसमान त्वरण-मंदनाने १.६७ मि.मी. आणि चक्रज गतीने ०.८७ मि.मी. मधल्या दोन गतींत फरक पडतो तो सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटरचा. पेन्सिलीच्या रेषेची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तर हा फरक रेषेच्या जाडीतच बुडून जातो. दुसऱ्या टप्प्यावर तो वाढून ०.८३ मि.मी. होतो व मध्यावर चारही गती १५ मि.मी. ला एकत्र येतात.

आता हाच कॅम मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरतो असे मानू. चारही गतींचा हिशेब असा होतो :

एकसमान वेग : वेग ०.६ मीटर प्रति सेकंद. चढाच्या दोन्ही टोकांना वेगातच उडी, म्हणून तेथे त्वरण सैद्धांतिकदृष्ट्या अमर्याद.
सरल आवर्त गती : सर्वाधिक वेग ०.९४ मीटर प्रति सेकंद. सर्वाधिक त्वरण ५९.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. ते चढाच्या दोन्ही टोकांना, विरामाला लागूनच.
एकसमान त्वरण-मंदन : सर्वाधिक वेग १.२ मीटर प्रति सेकंद, त्वरण ४८, टोकांना ४८ ची आणि मध्यावर अधिक ४८ वरून उणे ४८ अशी ९६ ची उडी.
चक्रज गती : सर्वाधिक वेग १.२ मीटर प्रति सेकंद. सर्वाधिक त्वरण ७५.४, मात्र टोकांना त्वरण शून्य, त्यामुळे कोठेही उडी नाही.

या हिशेबातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की कागदावर जवळजवळ एकच दिसणाऱ्या दोन रेषा यंत्रात पूर्णतः वेगळ्या वागतात. केवळ डोळ्याने पाहून प्रोफाइल तपासणे म्हणजे जे दिसत नाही त्याला गुण देणे होय. दुसरी गोष्ट, ‘सर्वांत कमी त्वरण म्हणजे सर्वांत चांगली गती’ हा समजही तोकडा आहे. चक्रज गतीचे शिखर सर्वांत उंच आहे, तरीही तिथवर जाणारी वाट सलग असल्याने वेगवान यंत्रात ती अधिक सुसह्य ठरते.

तिसरी गोष्ट सर्वांत मूलभूत आहे. विस्थापन आलेखाच्या आडव्या अक्षावर अंश असतात, सेकंद नसतात. त्यामुळे कॅम मिनिटाला ३० फेऱ्या घेवो वा ३०००, आलेख तोच राहतो आणि प्रोफाइलही तेच राहते. त्वरण मात्र फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या ३०० वरून ६०० झाल्या की सरल आवर्त गतीचे ५९.२ हे त्वरण सुमारे २३७ होते. समजा, अनुगामी कॅमच्या वर उभा असून केवळ स्वतःच्या वजनाने टेकलेला आहे. गुरुत्वत्वरण ९.८१ आहे. म्हणजे मिनिटाला सुमारे १२२ फेऱ्यांच्या पुढे चढ संपता संपता अनुगामी कॅमला सोडून हवेत राहील. तेथून पुढे विद्यार्थ्याने काढलेले सुंदर प्रोफाइल आणि अनुगामीची प्रत्यक्ष हालचाल यांचा संबंध उरत नाही. त्याला धरून ठेवायला स्प्रिंग लागते. भरडखोल वा श्रीवर्धनच्या होड्यांतील चार-स्ट्रोक डिझेल इंजिनात झडपांच्या स्प्रिंगा असतात त्या याच कारणासाठी. तेथील कॅमशाफ्ट मुख्य शाफ्टच्या निम्म्या फेऱ्यांनी फिरते. तरीही वजनाच्या भरवशावर झडप सोडता येत नाही.

यंत्रसिद्धांताच्या प्रश्नपत्रिकेत फेऱ्या देऊन सर्वाधिक वेग व त्वरण विचारले जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते उत्तर सूत्रात आकडे घालून काढले जाते व आकृतीच्या बाजूला लिहिले जाते. ते त्वरण आकृतीत कोठे आहे, हे विचारले जात नाही. विस्थापन आलेखाचा ढाळ म्हणजे वेग व त्या ढाळाच्या बदलाचा दर म्हणजे त्वरण; एवढा दुवा जोडला गेला असता तर सूत्र पाठ करावे लागले नसते.

कोपऱ्याचे सत्य

आता त्या लाल वर्तुळाकडे वळू. एकसमान वेगाच्या चढात प्रत्येक अंशाला त्रिज्या सारखीच वाढते. म्हणून प्रोफाइल आर्किमिडीजच्या सर्पिलाचे होते. हे सर्पिल आधारवर्तुळाला जेथे मिळते तेथे त्याची स्पर्शिका वर्तुळाच्या स्पर्शिकेशी जुळत नाही. आपल्या उदाहरणातील आकड्यांनी हा कोन सुमारे २५.५ अंशांचा येतो, आणि वरच्या विरामाला मिळताना १५.३ अंशांचा. पंचवीस अंशांचा कोपरा कोणत्याही शीटवर स्पष्ट दिसतो. तो दिसलाच पाहिजे, कारण वेगातील उडीचे ते भौमितिक रूप आहे.

प्रत्यक्षात असा कॅम बनवताना चढाची दोन्ही टोके वक्राने सौम्य करतात. ही दुरुस्ती विस्थापन आलेखात करायची असते. सरळ रेषेच्या दोन टोकांना ठरावीक त्रिज्येचे कंस जोडायचे व मग त्या सुधारित आलेखावरून प्रोफाइल काढायचे. फ्रेंच कर्व्हने प्रोफाइलचा कोपरा घासणे व आलेखात कंस जोडणे यांत वरवर फारसा फरक वाटत नाही. पण पहिल्या कृतीनंतर आलेख एक सांगतो आणि प्रोफाइल दुसरेच. दुसऱ्या कृतीत दोन्ही एकच सांगतात. पहिली कृती झाकाझाक आहे व दुसरी रचना आहे. ‘सलग वक्र काढा’ हा शेरा या दोहोंत भेद करीत नाही.

आधारवर्तुळाबाबतही असेच घडते. सरल आवर्त गतीच्या आपल्या उदाहरणात त्रिज्या ४० मि.मी. असताना दाबकोनाचे सर्वाधिक मूल्य, म्हणजे कॅम अनुगामीला आडवा रेटा देतो तो कोन, ३० अंशांच्या आत राहते. सरळ रेषेत सरकणाऱ्या अनुगामीसाठी ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. त्रिज्या २५ मि.मी. केली तर चढाच्या मध्यावरच हा कोन ३६.९ अंश होतो आणि अनुगामी आपल्या वाटेत अडकू लागतो. विस्थापन आलेख दोन्ही वेळी तोच असतो. अमुक त्रिज्या का दिली, हे एकदाही न विचारता विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतो.

कामापासून आलेखाकडे

विस्थापन आलेख हा मुळात कामाचा आराखडा आहे. हे समजण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दिवेआगरमध्ये अनेक घरांत जुन्या धाटणीची पायाने वा हाताने चालणारी शिलाई मशीन आहे. या मशीनच्या तोंडाशी वर-खाली होणारी धाग्याची लिव्हर असते. जुन्या धाटणीच्या अनेक मशीनांत ती आतल्या दंडगोल कॅमच्या खाचेतून चालते. सुई खाली जाते तेव्हा लिव्हर खाली येत धागा सैल सोडते. खालच्या शटलने धाग्याचा फास धरून बॉबिनभोवती फिरवेपर्यंत तिला धागा पुरवत राहावे लागते. फास सुटताच ती झपाट्याने वर जाते, टाका आवळते व रिळावरून पुढच्या टाक्याचा धागा ओढून घेते. म्हणजे उतार सावकाश व चढ झपाट्याचा. दोन्ही बाजू सारख्या असलेला पाठ्यपुस्तकी आलेख येथे निरुपयोगी ठरला असता. टाकाच पडला नसता.

त्याच मशीनमधील कापड सरकवणारे दाते विरामाचा अर्थ शिकवतात. सुई कापडात असताना कापड सरकले तर सुई मोडेल. म्हणून त्या काळात दात्यांनी कापड पुढे ओढताच कामा नये. विराम म्हणजे काहीही न घडण्याचा रिकामा काळ नव्हे; दुसऱ्या एका अवयवाचे काम चालू असताना पाळलेली शिस्त म्हणजे विराम. प्रश्नपत्रिकेतील ‘६० अंश विराम’ या शब्दांमागे असे कोणाचे तरी काम उभे असते. ते सांगितले नाही की विराम ही आलेखावरची केवळ एक आडवी रेघ होऊन बसते.

कोकणाच्या संदर्भात दुसरे उदाहरण मुंबईच्या कापड गिरण्यांचे आहे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या गिरणीची स्थापना केली. तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंत कोकणातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ गिरणीवर चालला. त्यांत तेव्हाच्या कुलाबा म्हणजे १९८१ नंतरच्या रायगड जिल्ह्यातील कुटुंबेही होती. गिरणी कामगार ज्याला ‘साचा’ म्हणत त्या मागावर दोन वेगळ्या स्वभावाचे कॅम काम करीत. त्यांना टॅपेट म्हणत. एक टॅपेट ताण्याचे धागे वर-खाली विभागून धोट्यासाठी वाट उघडी करतो. धोटा पलीकडे जाईपर्यंत ती वाट उघडी ठेवणे आवश्यक असल्याने येथे विराम हवा, आणि धागे तुटू नयेत म्हणून चढउतार सौम्य हवेत. दुसरा टॅपेट धोट्याला फेकतो. त्याचे कामच फटका मारण्याचे. तेथे अत्यल्प अंशांत मोठे त्वरण हेच उद्दिष्ट असते. एकाच मागावर एका कॅमला हादरा वर्ज्य आहे व दुसऱ्याला तो अपेक्षित आहे. ‘कोणती गती चांगली?’ या प्रश्नाला ‘काम कोणते?’ या प्रश्नाखेरीज उत्तर नाही, हे यावरून दिसून येते.

हस्तरेखनाची बाजू

प्रचलित पद्धतीची एक बाजू न्यायाने मांडणे आवश्यक आहे. प्रोफाइल हाताने काढताना विद्यार्थी एक अत्यंत मोलाची कल्पना शिकतो. प्रत्यक्षात कॅम फिरतो व अनुगामी जागेवर असतो. कागदावर मात्र आपण कॅम स्थिर ठेवतो व अनुगामीला त्याच्याभोवती उलट दिशेने फिरवतो. देव गाभाऱ्यात स्थिर असतो आणि आपण प्रदक्षिणा घालतो. देवच फिरला असता व आपण उभे असतो तरी त्याच बाजू, उलट फिरण्याने, समोर आल्या असत्या. सापेक्ष गतीची ही कल्पना कंपास हातात धरून शिकली की पक्की बसते. कॅम घड्याळाच्या दिशेने फिरत असताना अंश त्याच दिशेने मांडण्याची चूक अनेकांकडून होते व तीतूनच ही कल्पना उमगते.

त्यामुळे ‘आता संगणकावर सर्व काढता येते, शीट कशाला?’ हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास मान्य नाही. संगणक दिलेल्या आलेखावरून प्रोफाइल क्षणात काढून देईल. चुकीच्या आलेखावरूनही तितक्याच तत्परतेने देईल. स्थानांतराचे काम यंत्राने घेतल्यावर विद्यार्थ्याकडे आलेखाचा विचार राहिला पाहिजे. आपल्या पद्धतीने त्याला स्थानांतरच शिकवले असेल तर संगणक आल्यावर त्याच्या हाती काहीच उरणार नाही. आक्षेप हाताने रेखाटण्याला नाही. हाताने काय रेखाटून घ्यावे, याविषयी आहे.

निष्कर्ष व सूचना

१. कॅमच्या घटकात विस्थापन आलेख हा विचाराचा व निर्णयाचा भाग असून प्रोफाइल हा अंमलबजावणीचा भाग आहे. गुणविभागणी त्यानुसार व्हावी.

२. प्रत्येक विस्थापन आलेखाखाली त्याच आडव्या अक्षावर वेगाचा व त्वरणाचा आलेख काढून घ्यावा. जी उडी वरच्या आलेखात दिसत नाही ती तिसऱ्या आलेखात उभ्या रेषेने दिसते. यासाठी शीटवर चार इंच जागा अधिक लागेल. नवा अभ्यासक्रम लागणार नाही.

३. किमान एक प्रश्न कामापासून सुरू व्हावा. ‘अमुक गतीने चढ’ असे न सांगता अनुगामीने काय करायचे आहे ते सांगावे व गती निवडण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर सोपवावी. निवडीचे कारण दोन वाक्यांत लिहून घ्यावे.

४. शिलाई मशीनच्या हातचाकावर अंश आखलेली कागदी चकती चिकटवावी, लिव्हरशेजारी मोजपट्टी धरावी आणि दर १५ अंशांनी उंचीची नोंद करावी. या चोवीस नोंदींतून विद्यार्थी कागदावरून वस्तूकडे जाण्याऐवजी वस्तूवरून कागदाकडे येतो. हा प्रयोग कोणत्याही गावात, कोणत्याही खर्चाविना करता येतो.

५. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिक्षण देण्यास मान्यता दिली. तेव्हापासून पारिभाषिक शब्दांची चर्चा वाढली आहे. कॅम व फॉलोअर हे शब्द तसेच राहिले तरी बिघडत नाही. चढ, विराम, उतार, सांधा, धक्का हे शब्द मात्र आपल्या भाषेत आधीच अर्थासह उपलब्ध आहेत. ते वापरले तर विद्यार्थ्याचा अनुभव संकल्पनेच्या मदतीला येतो.

त्या विद्यार्थ्याने पुढे घरी परतल्यावर आपल्या शीटवरील कोपरा पुसला नाही. त्याने विस्थापन आलेखाच्या टोकांना कंस जोडले, त्यावरून नवे प्रोफाइल काढले आणि दोन्ही शीटे शेजारी ठेवली. जुन्यात कोपरा होता, नव्यात नव्हता, आणि तो का नाही हे त्याला सांगता येत होते. तांत्रिक आलेखनाच्या शिक्षणाकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही. याहून कमी अपेक्षेवर समाधान मानणेही योग्य होणार नाही.